भर दुपारचं भूत

नांदेड
३० जून २०२५

सिंधु मावशी,
सप्रेम जयभीम.

मी विशाखा, तुमच्या गावच्या सरजाबाईची नात. आजी गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुम्ही आला होतात, तेव्हाची आपली भेट. आता मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. फोन लावला होता, तो हरिओमदादांनी उचलला. म्हणाले, आईला ऐकू येत नाही, काय ते लिहून पाठवा, वाचायला तिला आवडतं. म्हणून हे पत्र.

मी एक कादंबरी लिहिते आहे. भुताची. ती दोन काळांत चालते, एक बहात्तरचा दुष्काळ आणि एक आजचा. त्या काळात झालेलं पाप या काळात बाहेर येतं, आणि चांगल्याची वाइटाशी झुंज होते, असं काहीसं. तुमच्या शेतातल्या बारवेत बहात्तर साली भूत होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आजीला विचारलं की ती पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "सिंधीला इच्यार." ती असेपर्यंत विचारायचं राहून गेलं. आता विचारते.

भूत कसं दिसायचं? बाई होती की पुरुष? पाय उलटे होते का? कधी यायचं? जेवढं आठवेल तेवढं लिहा.

तुमची
विशाखा

*

बोरखडी, ता. जळकोट
१० जुलै

चि. विशाखाला सिंधु मावशीचा आशीर्वाद, आन जयभीम बी.

पत्र मिळालं. माणिकप्पा पोस्टमननं बांधावर आनून दिलं आन वर इच्यारलं, म्हातारे, तुला कोन लिहितंय गं. म्हनलं, हाय एक लेक नांदेडची. कानाचं मशीन घेतलंय हरिओमनं, पर ते कानात बसून निस्त्या शिट्ट्या मारतंय. डब्यात घालून ठेवलंय.

भूत व्हतं. बाई व्हती. डोस्क्यापासून पायापस्तोर पांढरी फटक, केस मोकळे. बरूबर दुपारी बाराला वर यायची आन दोनाला जायची. रातीला न्हाई. पाय उलटे व्हते का इच्यारलीस, तर तेवढं बघाय कोन थांबतंय? माझे सासरे श्रीमंतराव, त्यायला पहिल्यांदा दिसली. ते धोतर बारवंवर सोडून घरापस्तोर पळत आले. तिथनं मरेस्तोर दुपारचं त्यायनी तिकडं तोंड केलं न्हाई. आमच्या घरचं कोनीच जात नव्हतं. पान्यात भांडं बुडाल्यावानी आवाज यायचा म्हन.

सरजा हसायची का? हसू दे. ह्याच्या उप्पर मला काय ठावं न्हाई.

सिंधु

*

नांदेड
३ ऑगस्ट

सिंधु मावशी,

तुमच्या पत्रानं माझं केवढं काम केलं म्हणून सांगू. भर दुपारी येणारं भूत कुणीच लिहिलेलं नाही. इथल्या एका साप्ताहिकानं कादंबरी क्रमशः छापायला घेतली आहे. पहिलं प्रकरण सोबत पाठवते.

थोडक्यात गोष्ट अशी. बहात्तर साली बोरखडीत कृतांतराव नावाचा जमीनदार असतो. दुष्ट म्हणजे पूर्ण दुष्ट. पाण्यासाठी आलेल्या एका बाईला तो बारवेत ढकलतो. ती भूत होते. कृतांतराव मेल्यावर त्याचाही आत्मा तिथेच राहतो, आणि दोघांची झुंज पन्नास वर्षं चालते. आजच्या काळात त्या घराण्यातल्या सुनेला दुपारी बारवेतून हाका ऐकू येतात. तिला मूलबाळ होत नाही, कारण ती बाई तिच्या पोटाशी बसली आहे.

गावाचं नाव बदलायचं राहिलं. पण आमचं साप्ताहिक तुमच्याकडे कोण वाचणार.

विशाखा

*

बोरखडी
२५ ऑगस्ट

चि. विशाखाला आशीर्वाद.

कोन वाचनार म्हनलीस. सगळ्यायनी वाचलं. कुनीतरी फोटो काढून मोबाइलवर टाकला, आन आता जळकोटच्या बाजारात बी लोकं मला इच्यारायलेत, मावशी, तुमचीच का ती बारव.

पहिलं तर कृतांतराव. त्ये माझे सासरे हायत हे आंधळ्याला बी कळंल. तू त्यायला सुळे दिलीस. त्यायला बहात्तर साली तोंडात चारच दात व्हते, भाकर दुधात कुस्करून खायचे. वाईट व्हते, न्हाई म्हनत न्हाई. पर वाईट मानूस बी दुपारी जेवून ढेकर देतंय, नातवाला खांद्यावर घेतंय. तुझा त्यो निस्ता हसतंय. एवढं कोन हसत न्हाई.

हे हसन्यावारी न्यायचं. फुडचं न्हाई.

आमच्या हरिओमच्या लग्नाला चार वर्सं झाली. सून पुनम, गुनाची हाय. लग्नाआधी नर्सिंगचा फारम भरला व्हता, ते तसंच राहिलं. लेकरू न्हाई. तुझी गोष्ट वाचून हरिओमचं डोस्कं फिरलं. म्हनतंय, आई, घरान्यातली सून म्हंजे आपलीच पुनम की. गेल्या आठवड्यात त्यानं शिवेपल्याडून नागप्पा म्हनून एक मांत्रिक आनला. त्यानं पुनमचा मोबाइल काढून घेतला, म्हनला भूत त्याच्यातनं बोलतंय. पुनम तर कव्हा कव्हा तिच्या आईशी बोलायची त्याच्यात. सर्वपित्रीला तिला बारवंवर बसवून मिरच्याचा धूर देनार हायत, झाडूनं झाडनार हायत. पुनम जेवन करती, भांडी घासती, आन माझ्याकडं बघती.

नागप्पाचे मंतर ऐकाय मी मशीन घातलं व्हतं. माझं माहेर उदगीरकडचं, मला कानडी समजतं. ओंदु, एरडू, मूरू, नाल्कू. दहापस्तोर मोजून पुन्यांदा पहिल्यापासून. हरिओम हात जोडून ऐकायलाय.

काय करू सांग.

सिंधु

*

नांदेड
३० ऑगस्ट

सिंधु मावशी,

तुमचं पत्र वाचलं. सून आणि तिला मूल नसणं हे मी निव्वळ भीती वाढवायला घातलं होतं. घरात बसून सुचलं, लिहिलं, वर स्वतःवर खूश झाले. त्याची भरपाई पुनमवहिनीनं का करायची?

संपादकांना फोन करून पुढचं छापणं थांबवलं आहे. ते वैतागले, वाचक भुताची चौकशी करतात म्हणाले. करू देत.

जादूटोण्याच्या विरोधात आपल्याकडे कायदा आहे. मी तक्रार देईनच. पण एक गोष्ट मला खरी सांगा. आमच्या घरानं छप्पन्न साली देव सोडले, त्यांच्याबरोबर भुतंही सोडली. आजी अंधारात एकटी शेतात जायची, तिला कशाचीच भीती नव्हती. मग या एका भुताचं नाव काढलं की ती हसायची का? त्या बारवेत नक्की काय होतं?

विशाखा

*

बोरखडी
६ सप्टेंबर

चि. विशाखा,

त्रेपन्न वर्सं कुनाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला बी न्हाई. आता सांगते.

भूत म्हंजे तुझी आजी.

बहात्तरला मी सतरा वर्साची, नवी सून. गावातलं पानी आटलं. आमच्या बारवंत तेवढं पानी व्हतं, पर सासऱ्यायनी कुंपनाला काटी घातली. पानी आमच्या जनावराला आन मोसंबीला. गावातल्या आमच्यातल्या लोकायला रोज दोन घागरी. तुमच्या वस्तीला थेंब न्हाई. तुमच्या बाया चार कोस जाऊन झऱ्यातलं पानी आनायच्या, आन दिसभर सरकारी कामावर खडी फोडायच्या.

एक दिस दुपारच्या सुट्टीत सरजा काटी सारून बारवंत उतरली, घागर घेऊन. मी सासऱ्यायला भाकरी घेऊन आलते. ते जेवून लिंबाखाली आडवे झालते. सरजा पायऱ्या चढून वर आली. खडीच्या कामावरनं आलेली, आंगभर पांढरा भुकटा, केस बी पांढरे, सुटलेले. सासऱ्यायनी डोळे उघडले आन ते उठलेच. धोतराचा सोगा मुळीत अडकला, तर धोतर तिथंच ठेवून पळाले.

घरी आल्यावर मला इच्यारलं, "सूनबाई, तू बघितलीस का ती बाई?"

मला सरजा चांगली दिसलती. तिनं मला बघितलं, मी तिला. माझ्या तोंडातनं निघालं, "कोन बाई? तिथं तर कोनीच नव्हतं, मामंजी."

झालं. त्यायला दिसली आन मला न्हाई, म्हंजे भूतच. तीन दिस त्यायला ताप आला. मी येवढंच केलं, बाई. निस्तं न्हाई म्हनाले.

मग सरजाची आन माझी गाठ पडली. ती हसून हसून खाली बसली. म्हनाली, सिंधे, आता ह्ये भूत जाऊ द्यायचं न्हाई. मग ती रोज खडीचा भुकटा लावून एक चक्कर मारायची, मी घरात जाऊन सांगायची की आज बी आवाज आला. बारा ते दोन आमच्यातलं कुत्रं बी तिकडं फिरकत नव्हतं. तुमच्या लोकायनी तर भुतं सोडून दिली व्हती, भ्यायला आमचेच उरले व्हते. चाळीस घरं त्या दोन तासांत पानी न्यायची. फुडं पानी लई खोल गेलं, पायऱ्यायच्या बी खाली. गड्यायला भाकरी द्याय जाते म्हनून मी घरातनं निघायची आन सोता आमच्या घरच्या दोरानं काढून द्यायची, हाताला फोड यायचे. पाऊस पडेस्तोर चाललं.

आता त्याच भुतासाठी माझ्या सुनंला धूर देनार. मी हे हरिओमला सांगितलं. त्यो म्हनला, आई, तुझं वय झालं.

सिंधु

*

नांदेड
११ सप्टेंबर

सिंधु मावशी,

ग्रंथालयात बसून वाचलं आणि इतकी हसले की शांतता राखा लिहिलेल्या पाटीखाली मलाच दोन मुलांनी शू केलं. मग रडू आलं.

आता ऐका. सर्वपित्री २१ तारखेला, रविवारी आहे. मी आदल्या दिवशीच जळकोटला येते आणि तक्रार देते. दोन कार्यकर्ते सोबत असतील. तोपर्यंत तुम्ही काहीही करायचं नाही. नागप्पाशी बोलायचं नाही, भांडायचं नाही. पुनमवहिनीला तेवढं सांगा की आम्ही येतोय.

विशाखा

*

बोरखडी
१७ सप्टेंबर

चि. विशाखाला आशीर्वाद.

तुझं पत्र काल मंगळवारी आलं. सगळं रविवारी चौदा तारखंलाच उरकलं. नागप्पाला सर्वपित्रीला दुसऱ्या गावचं भूत निघालं, म्हनून त्यानं आमचं आठ दिस आधी घेतलं. आज शाळंत मुक्तिसंग्रामाचा झेंडा व्हता, म्हनून घर रिकामं हाय, तर लिहायला बसले.

रविवारी अकरालाच सगळं गाव बारवंवर, मी बी, कानात मशीन घालून. पुनमला मधी बसवलं, केस सोडून. समोर शेगडी, बाजूला मिरच्याची परात, नागप्पाच्या हातात झाडू. पुनमनं झाडूकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला राहावलं न्हाई. काठी टेकत मधी गेले आन म्हनलं, "थांबा. ह्या बारवंत भूत न्हाई. बहात्तरला म्या आन सरजानं केलतं ते."

मी पहिल्यापासून सांगितलं. खडीचा भुकटा सांगितला, मोसंबीचं पानी सांगितलं, सासरे कसे पळाले ते सांगितलं.

नागप्पा म्हनला, "बघा. बोलाय लागलं. सुनंला सोडून म्हातारीच्या आंगात उतरलं."

आन विशाखा, सगळ्यायनी मला हात जोडले.

मी म्हनलं, अरे मी सिंधु हाय, येडे झालाव का. नागप्पा म्हनला, ते असंच म्हनतंय. मी म्हनलं, धोतर लिंबाच्या मुळीत अडकलं व्हतं. तर म्हातारा अमरनाथ उठून म्हनला, "खरं हाय, धोतर आनाय मीच गेलतो. भुताबिगर हे कुनाला ठावं असनार?" जेवढं खरं सांगावं तेवढे लोक जास्तच भ्यायले. हरिओम फुडं आला. चाळीस वर्साचं लेकरू माझं, म्हनतंय, "तुम्ही कोन हाव?"

मी म्हनलं, "तुझी आय."

त्यो दोन पावलं मागं सरला.

तव्हा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. आईचं हे ऐकनार न्हाईत. भुताचं ऐकतील. मी काठी आपटली आन म्हनलं, "बरं. मी सांगते ते करशील का?"

"करतो."

"सुनंच्या आंगाला झाडू लावायचा न्हाई. तिचा मोबाइल आत्ताच्या आत्ता दे."

दिला. नागप्पाच्या पिशवीतच व्हता.

"लातूरला मोठ्या दवाखान्यात जायचं. दोघायनी. आधी तुला तपासायचं, मग तिला."

लोकं एकामेकाकडं बघायले. हरिओम लाल झाला, पर मान हालवली. बाया पदराआड हसायल्या.

"तिचा नर्सिंगचा फारम भरायचा."

"भरतो. अजून काय?"

"ह्या बुवाला मिरच्याचा धूर घेऊ दे. आधी त्यानं घ्यावा, मग मी घेते. भुताला दाखवाय नगं का, कसा घ्यायचा ते?"

नागप्पा म्हनला असं नसतं. पर गाव आता माझ्या बाजूला व्हतं. मूठभर मिरच्या शेगडीवर पडल्या, वारं त्याच्याकडंच व्हतं. एक मिनिट निघंना. शिंकत, खोकत, डोळे पुसत त्यो मोटरसायकलकडं गेला. मी मागनं हाक दिली, "ओंदु, एरडू, मूरू." त्यानं वळून एकदा बघितलं आन किक मारली.

हरिओमनं इच्यारलं, उतरलं का. म्हनलं, उतरलं, चहा टाक.

पुनम त्या दिसापासून माझ्याजवळ झोपती. पहिल्यांदाच पोटभर हसली, तोंडात पदर कोंबून. तिला मी सगळं सांगितलंय. तिनं आळीतल्या बायायला सांगितलं. आता बायायला खरं काय ते ठावं हाय, आन गडी मानसं मला बघून वाट सोडायलेत. दुपारी एकदोघी येतात. काकू, माझा नवरा लई पितो, जरा भूत होऊन बोला की. मी म्हनते, बाई, मी कुनाचं भूत न्हाई. तर म्हनतात, हाव हाव, ठावं हाय, पर या.

सिंधु

*

नांदेड
२४ सप्टेंबर

सिंधु मावशी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हसले, पण रुखरुख लागली. तुम्ही खरं सांगितलंत ते त्यांनी मानलं नाही आणि खोटं मानलं, हे मला पचत नाही. आजीला काय वाटलं असतं? कदाचित ती परत खाली बसून हसली असती. मला तेवढं जमत नाही. नागप्पाविरुद्ध मी तक्रार दिली आहे. उद्या तो दुसऱ्या कुणाच्या सुनेला बसवेल, आणि तिथे तुम्ही नसाल.

कादंबरी मी फाडली. नवी लिहिते आहे. दोन काळ तेच, पण भूत नाही. एका बाजूला श्रीमंतराव आणि नागप्पा, दुसऱ्या बाजूला आजी आणि तुम्ही. सतरा वर्षांची सून, जी हाताला फोड येईपर्यंत चाळीस घरांना स्वतः पाणी काढून देते. एवढ्या वाइटात एवढं चांगलं माणूस, हे लिहिताना माझाच ऊर भरून येतो.

विशाखा

*

बोरखडी
४ ऑक्टोबर

चि. विशाखा,

दसरा झाला. लातूरला जाऊन आलो. डॉक्टरनं दोघायला तपासलं. जास्त गोळ्या हरिओमच्या नावावर निघाल्या. आल्यापासून त्यो लई गरीब झालाय, पुनमला चहा करून देतो.

आता तुझ्या पुस्तकाचं. ते तसं लिहू नगंस. मी खरं बोलले, पर अर्धंच.

पानी मी काढायची हे खरं. पर कामून काढायची? दोर आमच्या घरचा व्हता. त्याला तुमच्या बायायचा हात लागू नये, म्हनून. बादली बी आमची. मी वरनं वतायची, त्या खाली घागर धरायच्या, आन घागरीला बादली टेकू द्यायची न्हाई. हाताला फोड आले ते त्याच्यानं. सरजा म्हनायची, मी वढते, तू दमलीस. मी म्हनायची, ऱ्हाऊ दे. तिला वाटत असंल मी मायेनं म्हनते, असं मी धरून चालायची. तसं नव्हतं. एक दिस ती म्हनाली, "सिंधे, तुझ्यापायी मी भूत बी झाले. भुताला तरी शिवू दे की दोर."

मी हसले, बाई. काय बोलू कळंना म्हनून हसले. आन दोर दिला न्हाई. पाऊस पडेस्तोर दिला न्हाई.

तिनं पुन्यांदा ते काढलं न्हाई. पन्नास वर्सं माझ्याशी चांगली राहिली. माझ्या बाळंतपनात रानातनं शेपू आनून उंबऱ्यावर ठेवायची. उंबऱ्यावर. आत ये म्हनून मी एकदाच म्हनले, सासरे गेल्यावर. ती म्हनाली, आता गुडघे दुखतेत, चढवत न्हाई. तीनच पायऱ्या व्हत्या.

तर मला कुठल्या बाजूला बसवशील ते तू बघ. माझे सासरे तरी उघड काटी लावून बसले व्हते.

पुनमच्या कागदपत्राला अठरा तारखंला, शनिवारी नांदेडला यायचं हाय. मी बी तिच्यासंगं येते. तुझ्या घरी येईन म्हनते. नगं वाटलं तर लिही, मी बसस्टँडवर बसून राहीन, मला काय वाटनार न्हाई.

सिंधु

*

नांदेड
१३ ऑक्टोबर

सिंधु मावशी,

चार दिवस लिहिता आलं नाही. तीनदा कागद घेतला. एकदा लिहिलं, आजीनं तुम्हाला माफ केलं असेल. मग खोडलं, कारण मला माहीत नाही. ते तिचं होतं, ती बरोबर घेऊन गेली. एकदा रागानं लिहिलं, तेही खोडलं. शेपू उंबऱ्यावर ठेवून परत जाणारी आजी मला दिसत राहिली. ती त्या गोष्टीवर हसायची तेव्हा नेमकं कशाला हसायची, ते आता मला कळेनासं झालंय.

पुस्तकात तुम्हाला कुठे बसवायचं तेही कळत नाही. पण तुम्ही हे सांगितलं नसतं तर मी खोटं पुस्तक लिहिलं असतं, आणि लोकांनी ते खरं मानलं असतं.

बसस्टँडवर बसायचं नाही. उतरलात की रिक्षा करा, पत्ता पुनमवहिनीला पाठवला आहे. पहिला मजला, अठरा पायऱ्या. गुडघे दुखले तरी चढा.

स्वयंपाकाला मी एकटी पुरत नाही. पिठलं मी करीन, भाकरी तुम्ही थापा. ताट एकच मोठं आहे, तिघींना त्यातच जेवावं लागेल. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. शनिवारी दुपारी बाराला येईल. लवकर पोचलात तर पाणी भरू लागा.

विशाखा